वरची ओळ

माझ्या 'स'मध्ये शीळ वाजते. एप्रिलात दातांना तार बसली तेव्हापासून. वर्गात धडा वाचायला उभी राहिले की मागच्या बाकांवरची पोरं साप सोडल्यासारखा आवाज काढतात, आणि मी आता लाजत नाही; उलट ज्यात 'स' जास्त असतील तोच परिच्छेद बाईंकडून मागून घेते आणि अख्ख्या दहावी ब ला शीळ ऐकवते. लाजण्यात माझी आठवी आणि नववी गेली, दहावीत मी ते बंद केलं. सांगायचं इतकंच की ती शीळ मी कुठेही ओळखेन. मंगळवारी शाळा सुटल्यावर महादेवप्पामामांच्या रिक्षात दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. आदल्या दिवशीच तार आवळलेली, दात ठणकत होते, म्हणून तोंड गच्च मिटलेलं. आणि सीटच्या मागच्या स्पीकरमधून ती शीळ माझ्याच मानेवर आली. आधी वाटलं, मीच नकळत गुणगुणतेय. ओठांना हात लावून बघितला. ओठ बंद होते. गात मी होते. 'साद घालते सांजसकाळी, वर ये आई, वर ये.' साद, सांज, सकाळी. तीन शिळा, तिसरी जरा लांब, कारण तिथे जीभ तारेला अडकली होती आणि मी ती सोडवून घेतली होती, हे मला मे महिन्यातल्या त्या सकाळच्या उकाड्यासकट आठवलं.

गाणं आबासाहेबांचं. म्हणजे करून घेतलं त्यांनी. उजनीच्या काठावर त्यांच्या केळीच्या बागा आहेत आणि त्यांच्या जुन्या गावाची देवी धरणात गेलीय; उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर देवळाचा कळस दिसतो, नाहीतर काठावरूनच नमस्कार. त्या देवीला वर बोलावणारं गाणं. नवरात्रात बाहेर आलं, गायिका रेश्मा वैरागकर, संगीत आणि ध्वनिमुद्रण माझे बाबा, आणि तेव्हापासून सगळीकडे वाजतं हेही मला माहीत होतं. फक्त मी ते पूर्ण झालेलं ऐकलं नव्हतं. आमच्या घरात बाहेर पडलेलं गाणं कोणी ऐकत नाही. तीनशे वेळा ऐकून झालेलं असतं, त्याचा वास येतो.

"मामा," मी म्हणाले, "हा आवाज माझा आहे."

"कुठला?"

"हा. वर ये म्हणतोय तो."

महादेवप्पामामांनी आरशातून बघितलं. "हां. आन् रिक्षा? ती बी तुजीच की काय?"

शेजारी मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाई हसल्या. "रेश्मा वैरागकर हाय ती, बाळा. माजी सून रोज लावती. लई ग्वाड गळा."

"अहो पण ती फक्त खालच्या ओळी गातीय. वरची ओळ मी."

"गाऊन दाव मग," मामा म्हणाले आणि त्यांनी खरंच आवाज कमी केला. आता, मी म्हणजे काही गप्प बसणारी नव्हे. दात ठणकत होते तरी गायले. सगळी ओळ, रिक्षात, सिग्नलला, शेजारचा मोटारसायकलवाला वळून बघत असताना. संपल्यावर त्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप दिली. "अगं बया! हुबेहूब की. काय नक्कल करती पोरगी!"

नक्कल. माझ्याच आवाजाची मी नक्कल. मामांनी खूश होऊन स्पीकर पुन्हा मोठा केला आणि मी, खरी मी, मेथीच्या जुड्यांशेजारी बसून, जुळे सोलापूर येईपर्यंत स्वतःला दुसरीच कोणी म्हणून ऐकत राहिले. राग असा येताना मी पहिल्यांदाच बघत होते. नेहमीचा माझा राग फटाक्यासारखा, वाजला की संपला. हा पायाच्या तळव्यातून यायला लागला आणि सावकाश, एकेक मजला चढत वर आला.

डमी म्हणजे काय ते सांगते. गायिका येण्याआधी गाण्याची चाल कुणीतरी गाऊन ठेवावी लागते. ती ऐकून ती शिकते, तिचा आवाज नीट आला की डमी पुसायची. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे मी, सातवीपासून. देवींसाठी गायले, नवरीच्या मामासाठी गायले, पंचायत समितीच्या उमेदवारासाठी 'तुमचा भाऊ, माझा भाऊ' असंही गायले आणि सगळं पुसलं गेलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आवडायचं उलट. फ्लॅटची मागची खोली म्हणजे स्टुडिओ, भिंतींना मोराच्या नक्षीच्या सोलापुरी चादरी दुहेरी ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. बाल्कनीला जाड काच लावून केलेली बूथ. दारावर लाल दिवा, तो लागला की स्वयंपाकघरात कुकर लावायचा नाही, पंखा नाही, फ्लशसुद्धा नाही. म्हणून रेकॉर्डिंग सकाळचं, ऊन चढायच्या आत. बूथमध्ये उभं राहिलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. काचेपलीकडे बाबांचं डोकं आणि त्यांचं ते बटण, टॉकबॅकचं, ज्यातून त्यांचा आवाज थेट आपल्या कानात, जवळजवळ मेंदूत: 'परत.' फक्त एवढंच. 'छान' म्हणत नाहीत, 'वाईट' म्हणत नाहीत. परत. मला वाटायचं, देव असलाच तर तो असंच बोलत असेल.

आणि गेल्या वर्षापासून मी काचेच्या अलीकडेही बसते. श्वास कापते. गायक ओळीच्या आधी जो श्वास घेतात तो बारीक करायचा, तोंडाचे चटचट आवाज काढायचे, खुर्चीची करकर काढायची. आणि टेकना रंग द्यायचे. एकच ओळ सात वेळा गायलेली असते, त्यातली चांगली हिरवी, बरी ती पिवळी, टाकाऊ ती लाल. बाबा भल्याभल्या वादकांसमोर सांगतात, "सुकूचा कान माझ्यापेक्षा बारीक हाय. ती हिरवं म्हणली की डोळे झाकून घेतो मी." हे ऐकलं की माझी उंची वाढते. खरंच, यंदा दोन इंच वाढलीय.

घरी पोचले तेव्हा बाबा एका मंगल कार्यालयात स्पीकर बघायला गेलेले, आई ड्यूटीवर. आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी गणवेश न बदलता संगणक लावला, आबासाहेबांचं गाणं उघडलं. पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या: ढोल, हलगी, पेटी, बासरी, रेश्मा, रेश्मा खालची, रेश्मा वरची. माझी डमी कुठेच नाही. मी 'रेश्मा वरची' एकटी वाजवली. बाकी सगळं गप्प केलं की आवाज नागडा होतो, त्यावरचं घुमणं, गोडवा सगळं गळून जातं. साद. सांज. सकाळी. आणि शेवटच्या 'ये' नंतर, पडद्यावर अगदी बारीक लाट, माझं हसणं, कारण तेव्हा बाल्कनीच्या कठड्यावर कबुतर घसरलं होतं. ते हसणंही बाबांनी कापलं नव्हतं, नुसतं आवाज शून्यावर आणून झाकलं होतं. मी ते उघडलं. मे महिन्यातली मी हसले.

चोरीचं मला तितकं लागलं नाही. वापरला आवाज, ठीक, बाप आहे. पण नाव बदललं. माउस नेऊन, दोनदा टिचकी मारून, 'सुकू डमी' ही अक्षरं निळी करून, पुसून, तिथे दुसऱ्या मुलीचं नाव टाकलं. सावकाश. एका बोटानं, कारण बाबांना मराठी टायपिंग एकाच बोटानं येतं. एकेक अक्षर टाकताना थांबायला किती जागा होती. मला आजोबा आठवले, धुळाआजोबा, सांगोल्याकडे त्यांची मेंढरं होती. बाबा सांगतात, लहानपणी आजोबा त्यांना डोळे मिटायला लावायचे आणि कळप समोरून जाऊ द्यायचे: सांग, कोण मागं राहिली? घंटेवरून, बें-बें करण्यावरून, खुराच्या आवाजावरून बाबा सांगायचे, चांदी राहिली, बोरी राहिली, कानफाटी आली न्हाय अजून. शंभर मेंढरांना शंभर नावं. बाबांचा कान तिथे झाला. एका मेंढीला दुसरीच्या नावानं हाक मारली तर आजोबा चिडायचे, ती येत नाही म्हणायचे. मेंढीचं नाव चुकवायचं नाही हे शिकलेला माणूस.

बाबा आले. हातात हेल्मेट, खांद्यावर केबलचं वेटोळं.

"बाबा, 'रेश्मा वरची' कोण आहे?"

ते केबल खुंटीला लावायला वळले. पाठ मला. "कोण म्हणजे?"

"आवाज माझा आहे त्यात."

"अगं, तिचा घसा बसलेला तवा." बाबा बावरले की गावाकडचं बोलतात. "आबासाहेबांना घटस्थापनेला गाणं पाहिजे होतं. आठ दिवस हातात. तुझी डमी सुरात होती. खालून तिची दिली, वरून तुझी. सांग, कुणाला कळलं?"

"मला."

"तुझं सोड. लोकांना?"

"तुझं सोड?" माझा आवाज चिरकला. "मला विचारायचं ना!"

आणि बाबा हसले. वाईट नाही, अगदी प्रेमानं, माझ्या बाटलीतलं पाणी तोंड लावून पिताना हसतात तसं. "वेडी का तू? घरच्या माणसाला काय विचारायचं?"

हे वाक्य मी नंतर किती वेळा वाजवून बघितलं. भूगोलाच्या तासाला, दात घासताना, झोपताना. प्रत्येक वेळी ते जास्त खरं वाटायचं आणि म्हणून जास्त संताप यायचा. माझं टेबल हलवताना विचारलं नाही, माझी सायकल काकांच्या मुलाला देताना विचारलं नाही, सातवीत पहिल्यांदा बूथमध्ये उभी केली तेव्हाही 'चल' म्हणाले, 'येतेस का' नाही. आणि मी गेले होते, उड्या मारत. घरचं माणूस म्हणजे न विचारता वापरायचं माणूस, असं कुणी मोठ्यांदा म्हणत नाही, पण घराघरांत तसंच तर चालतं. आई आली, तिनं दोघांची तोंडं बघितली. मी तिला सगळं सांगितलं, हातवारे करून. ती चप्पल काढता काढता ऐकत होती आणि तिला धक्का बसत नव्हता.

"तुला माहीत होतं!"

"वॉर्डात एका पेशंटच्या फोनवर लागलेलं," आई म्हणाली. "मी सलाईन लावत होते. हात थांबला माझा. म्हटलं, ही तर आमची. सगळ्यांना सांगणार होते गं. पण हे म्हणाले नको, रेश्माच्या पोटावर पाय येईल. आणि मला वाटलं, तुला माहितीच असणार."

"तू विचारलंस मला?"

आईनं कपाळावरचा घाम पदराच्या टोकानं पुसला आणि चहा ठेवायला गेली, आणि मला तिचा बाबांपेक्षाही जास्त राग आला, कारण तिनं ओळखलं होतं. एका 'स'वरून, सलाईन लावताना. एवढं ओळखायचं आणि गप्प राहायचं.

त्या दिवशी ठरवलं, घरात 'स' उच्चारायचाच नाही. माझी शीळ आहे ना, मग ती फुकट मिळणार नाही. फार अवघड आहे हे, करून बघा. साखरेला गोड पांढरं म्हणाले, सोमवारला रविवारनंतरचा वार. बाबा जेवताना म्हणाले, "सुकू, सांडगे दे की," आणि मी "हे घ्या वाळवण" म्हणून ताट आदळलं. आई ओठ दाबून हसली, तिच्याकडे मी असं बघितलं की हसणं तिथेच मेलं. आणि घराबाहेर मी सगळीकडे वाजत होते. रसाच्या दुकानात, पाण्याच्या टँकरवर, समोरच्या अपार्टमेंटमधल्या काकूंच्या फोनवर. काकू फोन उचलायला उशीर करायच्या, तेवढा वेळ मी त्यांच्या पर्समध्ये गायचे. शाळेत मैत्रिणींना सांगितलं. पूर्वी सांगितलं नसतं. एकीनं विश्वास ठेवला, एक म्हणाली, "मग तुझं नाव का नाही?" आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणजे होतं, पण ते उत्तर माझे बाबा होते. माझ्या आवाजाला माझ्याशिवाय सगळीकडे जाता येत होतं. तो बार्शीला गेला होता, करमाळ्याला गेला होता, मी शाळा ते घर.

रविवारी रेश्मा येणार होती, आबासाहेबांच्या दुसऱ्या गाण्यासाठी. देवीच्या पालखीचं गाणं. शनिवारी बाबा दारात उभं राहून म्हणाले, "सुकू, सकाळी डमी घेऊन ठेवू, म्हणजे तिला..." मी म्हणाले, "नाही." मी वर न बघता गणित करत राहिले, गणित चुकत होतं. मग ते गेले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रेश्मा साडेसातला आली, वैरागची पहिली एसटी पकडून. मी तिचा द्वेष करायची पूर्ण तयारी केली होती. बावीस-तेवीस वर्षांची, बारीक, कानात मोठे झुमके, पिशवीत आईनं दिलेल्या शेंगा. शेंगा तिनं माझ्याच हातात दिल्या. बाबांनी माईक लावला, लाल दिवा लावला, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. बाबा अर्धा तास थांबा म्हणून विनवायला वर गेले. आम्ही दोघी उरलो. ती बूथमध्ये, हेडफोन घालून, मी टेबलाशी. काच मध्ये. इतका आयता घास मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. मी जुनं गाणं उघडलं, ती पट्टी एकटी केली आणि तिच्या कानात सोडली. साद घालते सांजसकाळी. मग टॉकबॅक दाबलं. देवाचं बटण.

"हा कोणाचा आवाज आहे, रेश्माताई?"

काचेतून तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. ढोलाच्या थापेसारखं आलं तिचं उत्तर, माईक चालूच होता.

"तुजाच की. माजे दात सरळ हायत."

मी काही म्हणायच्या आत ती पुढे बोलायला लागली, आणि बूथमधून येणारा आवाज खोलीत असल्यासारखा येत नाही, कानाच्या आत येतो, त्यामुळे तो थांबवता येत नाही. "लागलं असंल ना तुला? मला बी लागलं. म्या गाणं पयल्यांदा मोबाईलवर ऐकलं, सगळ्या घरासमोर. आई म्हनली, काय वर गेलीयास गं. म्या काय सांगू? तुज्या बापानं तुला इचारलं न्हाय, मला तरी कुटं इचारलं? आता जत्रंत उभी ऱ्हायले की लोक तीच ओळ मागत्यात. म्या माईक लोकांकडं करते, म्हनते, तुमी म्हना. दोनदा चालतंय, तीनदा चालतंय. मागल्या पंदरवड्यात एका गावात एक म्हातारी म्होरं आली. तिचं गाव धरणात गेल्यालं. ती म्हनली, पोरी, माईक नगं, कानात म्हन माज्या. म्हनले. तिनं ऐकलं आन् म्हनली, ही न्हवं ती." रेश्मानं हेडफोन मानेवर घेतला. "लोकांम्होरं म्हनली. ही न्हवं ती."

रिक्षातली ती बाई आणि ही म्हातारी. मला दोघींचे चेहरे एकमेकींवर चढलेले दिसले.

"ती ओळ तुझ्याकडून गाऊन घेतलीच नव्हती का?" मी विचारलं.

"गायले की! सात येळा. घसा बसल्याला, ताप हुता, तरी सात येळा. काय झालं त्येचं? पुसलं?"

गायिकेचे टेक बाबा कधी पुसत नाहीत. पडद्यावर सगळ्यात खाली, दुमडून ठेवलेल्या पट्ट्यांची एक घडी असते. मी ती उघडली. सात पट्ट्या. साती लाल. आणि सातव्या पट्टीवर शब्द: टाकाऊ. बाबांचं टायपिंग नव्हतं ते. बाबा एका बोटानं लिहितात, त्यांचा काना बऱ्याचदा सुटतो. हे बरोबर लिहिलेलं होतं. मी लिहिलं होतं.

तो रविवार मला आठवला. सप्टेंबर. मी चिवडा खात होते, एका हाताने. बाबा मागे उभे. "बघ गं, वरच्या ओळीत काही मिळतंय का." मी पहिली ऐकली, लाल. दुसरी अर्धी ऐकली, लाल. तिसरीपासून ऐकलंच नसावं बहुतेक. "काही नाही बाबा, सगळं फाटलंय. माझी डमी बरी यापेक्षा." हे मी म्हणाले होते. चिवड्याचे हात फ्रॉकला पुसत. आणि बाबा, डोळे झाकून घेणारे बाबा, "असं म्हणतेस?" म्हणाले होते. बस्स. त्याच आठ दिवसांत नाव बदललं.

मी सातवी पट्टी लावली. दोघींनी ऐकली. आवाज खालून निघतो, 'साद'वर ठीक, 'सकाळी'वर घासतो, आणि 'वर ये'ला तो फुटतो. मध्येच तुटतो, हवाच उरते, आणि त्या हवेतून पुन्हा, अर्ध्या सुरानं खाली, 'ये' येतं. सुरात नाही. पण काठावर उभं राहून पाण्याकडे ओरडणारा माणूस असाच ओरडत असणार, चाळीस वर्षं ओरडून झाल्यावर. माझं ऐकलं की कळतं, ही मुलगी कठड्यावरच्या कबुतराला हाक मारतेय. छान, स्वच्छ, हिरवी हाक.

"मी लाल केलं होतं," मी म्हणाले. टॉकबॅक दाबायला विसरले, मग दाबून परत म्हणाले. "तुझे टेक मी टाकाऊ ठरवले. नीट न ऐकता."

रेश्मा काचेजवळ आली. "तू?"

"हो."

"तापात गायले हुते म्या."

"हो."

"लई शानी हायस गं." ती हसली नाही. काचेवर तिचा श्वास उमटला आणि गेला. "लई शानी." मग तिनं शेंगा मागितल्या. मी बूथचं दार उघडून दिल्या, ती दारातच बसून फोडायला लागली, टरफलं पदरात. आमच्यात मैत्री वगैरे झाली असं नाही. पण राग एकाच वेळी दोघींनाही आला की खोलीत जरा जागा होते.

बाबा ड्रिल थांबवून आले तेव्हा सातवी पट्टी पुन्हा वाजत होती. ते दारात थांबले. डोळे मिटले, सवयीनं. पट्टी संपल्यावर म्हणाले, "ही कुठं होती?"

"लाल होती," मी म्हणाले. "मी लाल केली आणि तुम्ही ऐकली नाहीत."

"तू म्हणालीस म्हणून..."

"मी टेक नाही, चिवडा ऐकत होते, बाबा! तुम्ही शंभर मेंढरं ओळखायचा!"

रेश्मा शेंग फोडायची थांबली. बाबांनी खुर्ची ओढली पण बसले नाहीत. मी म्हणाले, आता त्या केळीवाल्यांना फोन लावा, आणि खरं ते बोला. बाबा म्हणाले, अगं, तसं नसतं, धंद्यात शब्द असतो, ते म्हणतील फसवलं, पुढचं काम जाईल, हिचंही जाईल. रेश्मा म्हणाली, "सर, माजं मी बगते," आणि तिनंच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे मोटारीचा पंप चालू होता, आबासाहेब ओरडून बोलत होते. रेश्मानं ओरडूनच सगळं सांगितलं: वरची ओळ माजी न्हवं, सरांच्या पोरीची हाय.

"व्हय का?" आबासाहेब म्हणाले. पंप फटफटत होता. "मंग नाव पाटवा की तिचं. खाली लिवतो. हॅलो? जोतिराम हायत का तितं? अवं, तवाच सांगायचं न्हाय व्हय! दोगींची नावं घातली असती. आमची देवी काय एकटीच्या हाकंनं येती का? बरं, केळी काढाय लागलोय, ठेवतो."

झालं. एवढंच. दोन महिने, माझा आवाज, रेश्माची म्हातारी, आईचे मिटलेले ओठ, आणि पलीकडे माणूस केळी काढत होता. मला वाटलं होतं नाव मिळालं की राग उतरेल. तो भडकला. कारण आता दिसलं की अडलेलं काहीच नव्हतं. नुसतं विचारायचं होतं. कुणालाही. तिघांतल्या कुणालाही. बाबा फोनकडे बघत होते, कान लाल, आणि मला त्यांची दया येत होती आणि ती दया मला नको होती, मी ती परत ढकलत होते.

"चला," बाबा म्हणाले, कोरड्या आवाजात. "ऊन चढतंय. हिला गाणं शिकवायचं तर डमी लागेल. सुकू..."

"नाही."

"मग कोण गाणार?"

मी बूथच्या दाराकडे बोट केलं. बाबांना कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "खुळी का? माझा काय गळा हाय?"

"डमीच तर आहे," मी म्हणाले. "कच्चा खर्डा. नंतर मिटवूनच टाकायचा."

रेश्मानं पदरातली टरफलं गोळा केली आणि वाट करून दिली. बाबा आत गेले. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. हेडफोन उलटा घातला, रेश्मानं खुणेनं सांगितल्यावर सरळ केला. काचेपलीकडे ते लहान दिसत होते, हात कुठे ठेवावेत हे कळत नसलेल्या माणसासारखे, आधी खिशात, मग पाठीमागे, मग माईकच्या दांडीला. त्यांचं गिळणं माझ्या कानात आलं. त्यांचे श्वास, जे मी कधी कापले नव्हते. मी नवी पट्टी उघडली आणि दहा बोटांनी नाव टाकलं, पूर्ण नाव, जोतिराम धुळा, काना न सोडता. लाल दिवा लावला. त्यांनी सुरुवात केली: 'उतर गं पाणी, उतर गं पाणी, पायरी दिसू दे.' 'दिसू'वर आवाज गेला, कुठल्या कुठे गेला. रेश्मा भिंतीवरच्या चादरीत तोंड खुपसून हसायला लागली. मी बटण दाबलं.

"परत."

दुसऱ्यांदा. परत. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर घाम आला, पंखा बंद होता. चौथ्यांदा 'उतर गं' म्हणून ते थांबले. माईकच्या दांडीकडे बघत, गाण्यात नाही, साध्या बोलीत, म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं तुला. हिला पण."

आई दारात येऊन उभी होती, हातात कुकरचं झाकण, लाल दिवा बघून थांबलेली. पडद्यावर त्या वाक्याची लाट उमटली होती, बारीक, पण पूर्ण. एकही शब्द तुटला नव्हता. मला व्यवस्थित ऐकू आलं होतं. माझा कान बारीक आहे.

मी बटण दाबलं.

"आवाज कमी आला, बाबा," मी म्हणाले, घरात पाच दिवसांनी पहिला 'स' काढून. "सगळं परत."